दूरसंचार जाळ्यातील मार्ग-पुनर्स्थापना

मार्ग-पुनर्स्थापना ही दूरसंचार अभियांत्रिकीतील एक मूलभूत प्रक्रिया आहे. केबल तुटल्यामुळे, उपकरण बंद पडल्यामुळे किंवा आज्ञावलीतील दोषामुळे जाळ्यातील एखादा मार्ग खंडित झाल्यास त्यावरील संदेशवाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवून सेवा पुन्हा सुरू करणे, असे या प्रक्रियेचे स्वरूप आहे. दूरध्वनी, इंटरनेट, बँकांचे व्यवहार, विमानवाहतुकीचे नियंत्रण आणि ११२ सारखे आपत्कालीन क्रमांक हे सर्व आज बहुतांशी त्याच ऑप्टिकल फायबर केबलींवर अवलंबून आहेत. त्यामुळे एका केबलीचा खंड अनेक सेवांना एकाच वेळी बाधा आणू शकतो.

पुनर्स्थापना आणि दुरुस्ती ही दोन निरनिराळी कामे आहेत. तुटलेली केबल जोडणे म्हणजे दुरुस्ती. तिला जमिनीवर काही तास, तर समुद्रतळाशी काही आठवडेही लागतात. केबल तुटलेली असतानाच सेवा चालू करणे म्हणजे पुनर्स्थापना. ती काही मिलिसेकंदांत ते काही मिनिटांत पूर्ण व्हावी, अशी अपेक्षा असते. ही प्रक्रिया यशस्वी होण्यासाठी पर्यायी मार्ग अगोदरच उपलब्ध असावा लागतो, त्यावर पुरेशी मोकळी क्षमता असावी लागते आणि ज्या कारणाने पहिला मार्ग तुटला त्याच कारणाने तो तुटणारा नसावा लागतो. यांपैकी शेवटची अट पाळणे सर्वांत अवघड ठरते. नकाशावर दोन दिसणारे मार्ग जमिनीत एकाच चरातून जात असल्याची उदाहरणे या विषयाच्या इतिहासात वारंवार आढळतात.

## संज्ञा

दूरसंचार जाळे हे केंद्रे आणि त्यांना जोडणारे दुवे यांचे बनलेले असते. एक्स्चेंज, राउटर, मोबाइलचा मनोरा ही केंद्रांची, तर फायबर केबल, सूक्ष्मलहरी दुवा आणि उपग्रह दुवा ही दुव्यांची उदाहरणे होत. एका केंद्रापासून दुसऱ्या केंद्रापर्यंतच्या सलग दुव्यांच्या मालिकेला मार्ग म्हणतात. एरवी ज्या मार्गाने वाहतूक जाते तो कार्यरत मार्ग आणि बिघाडाच्या वेळी जो वापरला जातो तो राखीव मार्ग होय.

वाहतूक वळवण्याच्या पद्धतींचे दोन मुख्य वर्ग मानले जातात. राखीव मार्ग बिघाडापूर्वीच ठरवून त्यासाठी क्षमता बाजूला ठेवलेली असल्यास त्या पद्धतीस ‘संरक्षण’ म्हणतात. बिघाड झाल्यानंतर उपलब्ध मोकळ्या क्षमतेतून मार्ग उभा केला जात असल्यास तिला काटेकोर अर्थाने ‘पुनर्स्थापना’ म्हणतात. संरक्षण जलद पण खर्चिक असते. पुनर्स्थापना काटकसरीची पण तुलनेने संथ असते. व्यवहारात दोन्ही पद्धती एकत्र वापरल्या जातात आणि सैलपणे दोन्हींसाठी ‘पुनर्स्थापना’ हाच शब्द योजला जातो.

## बिघाडांची कारणे

जमिनीवरील केबल तुटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे खोदकाम. रस्तारुंदीकरण, जलवाहिनी, गटार किंवा गॅसवाहिनी टाकताना यंत्राचा फाळ केबलीवर बसतो. पूर, दरड कोसळणे, आग, उंदरांनी केबल कुरतडणे आणि चोरी ही इतर कारणे होत. समुद्रातील केबलींना मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर यांपासून सर्वाधिक धोका असतो. भूकंप आणि समुद्रतळावरील भूस्खलन यांमुळे एकाच वेळी अनेक केबली तुटू शकतात.

केंद्रांमधील बिघाड दुव्यांच्या बिघाडांपेक्षा कमी वेळा होतात, परंतु त्यांचे परिणाम व्यापक असतात. वीजपुरवठा खंडित होणे, बॅटरी उतरणे, वातानुकूलन बंद पडणे, आज्ञावलीतील दोष आणि देखभालीच्या वेळी दिलेली चुकीची आज्ञा ही त्यांची प्रमुख कारणे आहेत. केबल तुटल्यास दुसरी केबल वापरता येते. पण सर्व केंद्रांत एकच सदोष आज्ञावली चालत असेल, तर कोणताही पर्यायी मार्ग त्या दोषापासून मुक्त राहत नाही.

## प्रक्रियेचे टप्पे

पद्धत कोणतीही असली तरी प्रक्रिया पुढील क्रमाने घडते:

- शोध – फायबरमधील प्रकाश नाहीसा झाल्याचे किंवा संकेतातील चुका मर्यादेबाहेर वाढल्याचे उपकरणाच्या लक्षात येते.
- सूचना – बिघाडाची वार्ता मार्ग बदलण्याचा निर्णय घेणाऱ्या केंद्रापर्यंत पोहोचते.
- निवड – राखीव मार्ग आधीच ठरलेला असल्यास हा टप्पा जवळपास वगळला जातो. नसल्यास मार्ग शोधावा लागतो.
- बदल – वाहतूक नव्या मार्गावर वळवली जाते.
- परतणे – दुरुस्ती झाल्यावर वाहतूक मूळ मार्गावर आणली जाते किंवा नव्या मार्गावरच राहू दिली जाते.

प्रकाश फायबरमधून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. म्हणजे १,००० किलोमीटर अंतर कापण्यास त्याला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे सूचना पोहोचण्यास लागणारा वेळ सहसा अल्प असतो. विलंबाचा मोठा भाग बिघाडाची खात्री करून घेण्यात आणि नवा मार्ग निवडून तो सर्व संबंधित केंद्रांत प्रस्थापित करण्यात जातो.

## संरक्षण पद्धती

### रेषीय संरक्षण

दोन केंद्रांमधील संरक्षणाचा सर्वांत सोपा प्रकार ‘एक अधिक एक’ (१+१) या नावाने ओळखला जातो. यात पाठवणारे केंद्र एकच संकेत एकाच वेळी दोन मार्गांनी पाठवते आणि घेणारे केंद्र त्यांपैकी चांगला संकेत स्वीकारते. दोन्ही टोकांनी परस्परांशी संपर्क साधण्याची गरज नसल्याने हा प्रकार अतिशय जलद आहे. मात्र दुसऱ्या मार्गाची संपूर्ण क्षमता कायमची अडकून पडते.

‘एकास एक’ (१:१) प्रकारात राखीव मार्ग एरवी मोकळा असतो आणि त्यावरून कमी महत्त्वाची वाहतूक नेता येते. बिघाड होताच ती बाजूला सारून मुख्य वाहतुकीला जागा दिली जाते. ‘अनेकांस एक’ (१:न) प्रकारात अनेक कार्यरत मार्गांसाठी एकच राखीव मार्ग असतो. खर्च कमी होतो, परंतु एकाच वेळी दोन मार्ग तुटल्यास त्यांपैकी एकालाच संरक्षण मिळते.

### कड्याची रचना

केंद्रे एका रेषेत न जोडता वर्तुळाकार कड्यात जोडली, तर प्रत्येक केंद्रापर्यंत जाण्यासाठी दोन दिशा उपलब्ध होतात. गावाभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्यावर एका ठिकाणी झाड पडले, तरी उलट दिशेने जाऊन इच्छित स्थळी पोहोचता येते; त्यासारखेच हे तत्त्व आहे. कड्याचा एक दुवा तुटला तरी एकही केंद्र एकाकी पडत नाही. एखादे संपूर्ण केंद्र बंद पडले, तर केवळ त्या केंद्राची सेवा थांबते. दोन ठिकाणी खंड पडला, तर मात्र कड्याचे दोन तुकडे होतात आणि त्या तुकड्यांमधील संपर्क तुटतो.

१९८८ साली आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध झालेल्या एसडीएच प्रणालीत आणि अमेरिकेतील तत्सम सोनेट प्रणालीत कड्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. या प्रणालींत बिघाड लक्षात आल्यानंतर ५० मिलिसेकंदांच्या आत मार्ग बदलणे अपेक्षित असते. दुतर्फा सामायिक संरक्षण असलेल्या एसडीएच कड्यासाठी ही अट १,२०० किलोमीटरपेक्षा कमी लांबीच्या कड्यास लागू केलेली आहे आणि अशा कड्यात जास्तीत जास्त १६ केंद्रे असू शकतात. एवढा अल्प खंड संभाषणात क्वचितच जाणवतो. ५० मिलिसेकंदांचे हे माप पुढे इतर तंत्रज्ञानांसाठीही आदर्श मानले गेले. इथरनेट जाळ्यांतील कड्यांसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे जी.८०३२ हे मानक आहे.

हा कालावधी अल्प असला तरी नगण्य नाही. सेकंदाला १०० गिगाबिट वाहून नेणाऱ्या दुव्यावर ५० मिलिसेकंदांत ५०० कोटी बिट वाहतात. त्या वेळात गमावलेली माहिती पुन्हा मागवण्याचे काम संगणकांना करावे लागते.

## जाळीदार रचनेतील पुनर्स्थापना

मोठ्या शहरांना जोडणाऱ्या जाळ्यांत प्रत्येक केंद्रापासून तीन, चार किंवा अधिक दिशांना दुवे जातात. अशा रचनेत प्रत्येक मार्गासाठी स्वतंत्र राखीव मार्ग बाळगण्याऐवजी मोकळी क्षमता सर्वांमध्ये वाटून घेता येते. एका केंद्रातून सारख्या क्षमतेचे तीन दुवे निघत असतील, तर एक तुटल्यावर त्याची वाहतूक उरलेल्या दोघांना निम्मी-निम्मी उचलावी लागते. म्हणजे प्रत्येकावर वाहतुकीच्या किमान ५० टक्के इतकी जादा क्षमता हवी. दुवे चार असतील तर हे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवर येते. ‘एक अधिक एक’ संरक्षणात ते किमान १०० टक्के असते. यावरून जाळीदार रचना काटकसरीची का ठरते, हे लक्षात येते.

तिची अडचण वेळेची आहे. बिघाडानंतर मार्ग शोधायचा, वाटेतील प्रत्येक केंद्रात क्षमता राखून घ्यायची आणि जोडणी करायची, यांत काही सेकंद ते काही मिनिटे जाऊ शकतात. कड्याचा वेग आणि जाळीची काटकसर यांचा मेळ घालण्यासाठी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडातील वेन ग्रोव्हर आणि डेमेट्रिओस स्टामाटेलाकिस यांनी ‘पी-सायकल’ ही पद्धत मांडली. तिच्यात जाळीतील मोकळ्या क्षमतेची कडी आधीच जोडून ठेवली जातात आणि ती कड्यावरील दुव्यांबरोबरच कड्याच्या दोन केंद्रांना आडवे जोडणाऱ्या दुव्यांचेही रक्षण करतात.

## इंटरनेटमधील मार्गबदल

इंटरनेटमध्ये माहिती लहान लहान पुडक्यांच्या रूपाने जाते आणि प्रत्येक राउटर आपल्याजवळील मार्गकोष्टकानुसार पुडके पुढे पाठवतो. दुवा तुटल्यास राउटर परस्परांना कळवतात आणि प्रत्येक जण आपले कोष्टक नव्याने तयार करतो. एका संस्थेच्या जाळ्यात त्यासाठी ओएसपीएफसारखे नियमसंच वापरले जातात. त्यांच्या प्रचलित मूल्यांनुसार शेजारी राउटर दर १० सेकंदांनी एकमेकांना संदेश पाठवतात आणि ४० सेकंद संदेश न आल्यास शेजारी बंद पडल्याचे मानतात. प्रकाश नाहीसा झाल्याची थेट खूण मिळाली नाही, तर केवळ शोधाच्या टप्प्यातच एवढा वेळ जातो. तो कमी करण्यासाठी बीएफडी नावाचा वेगळा नियमसंच वापरतात. त्याद्वारे राउटर सेकंदाला अनेक वेळा परस्परांची चौकशी करतात.

सर्व राउटरांची कोष्टके एकाच क्षणी बदलत नाहीत. या संक्रमणकाळात एक राउटर पुडके दुसऱ्याकडे आणि दुसरा ते पुन्हा पहिल्याकडे पाठवतो, असे चक्र काही काळ निर्माण होऊ शकते. या विलंबावर उपाय म्हणून बिघाडाला लागून असलेल्या राउटरनेच आधी आखून ठेवलेल्या वळणमार्गाने वाहतूक वळवावी, अशी पद्धत रूढ झाली. एमपीएलएस जाळ्यांतील या जलद मार्गबदलाचे मानक २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. रस्ता बंद असल्याची पाटी शहराच्या वेशीवर लावण्यापूर्वीच बंद जागेजवळचा माणूस वाहने शेजारच्या गल्लीत वळवतो, तसे हे कार्य चालते.

निरनिराळ्या संस्थांच्या जाळ्यांमध्ये बीजीपी हा नियमसंच वापरला जातो. त्यात प्रत्येक संस्था स्वतःच्या धोरणानुसार मार्ग निवडते आणि कोणत्याही एका ठिकाणी संपूर्ण जाळ्याचे चित्र नसते. त्यामुळे बदल स्थिरावण्यास काही वेळा कित्येक मिनिटे लागतात.

## स्तरांमधील समन्वय

एकाच केबलीच्या खंडाची जाणीव प्रकाशीय स्तराला, त्यावरील वहनस्तराला आणि सर्वांत वरच्या इंटरनेट स्तराला जवळपास एकाच वेळी होते. प्रत्येक स्तराने स्वतंत्रपणे मार्ग बदलला, तर एकाने सोडवलेला प्रश्न दुसरा पुन्हा सोडवू लागतो आणि वाहतूक विनाकारण हेलकावे खाते. हे टाळण्यासाठी खालच्या स्तराला प्रथम संधी दिली जाते. वरचा स्तर ठरावीक काळ थांबतो आणि तेवढ्या वेळात सेवा सुरू न झाल्यासच कृती करतो. आंतरराष्ट्रीय मानकांत हा थांबण्याचा काळ ० ते १० सेकंदांपर्यंत ठेवण्याची मुभा आहे.

मूळ मार्गावर परततानाही अशीच सावधगिरी बाळगली जाते. अर्धवट जोडलेली केबल किंवा सैल जोडणी थोडा वेळ चालू आणि थोडा वेळ बंद होत राहते. प्रत्येक वेळी वाहतूक इकडून तिकडे हलवल्यास मूळ बिघाडापेक्षा अधिक व्यत्यय येतो. म्हणून एसडीएच प्रणालीत दुरुस्तीनंतर मार्ग सलग ५ ते १२ मिनिटे निर्दोष राहिल्यावरच वाहतूक त्यावर परत आणली जाते.

## समान धोका

राखीव मार्गाचे गणित दोन्ही मार्ग परस्परांपासून स्वतंत्र आहेत, या गृहीतकावर उभे असते. प्रत्येकी ९९ टक्के वेळ चालू राहणारे दोन मार्ग घेतल्यास प्रत्येक मार्ग वर्षातून सुमारे ८८ तास बंद राहील. ते पूर्णपणे स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक, म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटे इतकी उरते. परंतु दोन्ही मार्ग एकाच पुलावरून जात असतील आणि प्रत्येकाच्या बंद काळापैकी निम्मा काळ त्या पुलामुळे येत असेल, तर सेवा वर्षाला सुमारे ४४ तास बंद राहील. राखीव मार्गावर तेवढाच खर्च करूनही त्याचा बहुतांश लाभ हातचा जातो.

एकाच घटनेने एकत्रितपणे तुटू शकणाऱ्या दुव्यांच्या संचाला ‘समान धोक्याचा गट’ म्हणतात. एकच चर, बोगदा, पूल, इमारत किंवा वीजपुरवठा ही त्याची उदाहरणे आहेत. असे गट ओळखणे कठीण असते, कारण कंपन्या परस्परांकडून फायबर भाड्याने घेतात आणि एका कंपनीकडे दुसऱ्या कंपनीच्या केबलीच्या प्रत्यक्ष वाटेची नोंद नेहमीच असते असे नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून सेवा घेणाऱ्या ग्राहकाचे दोन्ही दुवे एकाच केबलीतून येत असल्याचे कधी कधी ती केबल तुटल्यावरच उघड होते. मार्ग आखतानाच केबलींची प्रत्यक्ष वाट नोंदवणे आणि कालांतराने ती नोंद पडताळून पाहणे, हा यावरील मुख्य उपाय आहे.

## इतिहास

दूरध्वनीच्या आरंभीच्या काळात मार्ग बदलण्याचे काम माणसे करत. मुख्य तारवाहिनी तुटल्यास कर्मचारी जोडफलकावरील तारा हाताने बदलून मंडले अन्य वाहिन्यांवर नेत असत. एका वाहिनीवर मोजकीच संभाषणे असेपर्यंत हे शक्य होते.

१९६४ साली अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनमधील अभियंते पॉल बॅरन यांनी विखुरलेल्या संदेशवहन जाळ्यांविषयीचे लेखन प्रसिद्ध केले. युद्धात अनेक केंद्रे नष्ट झाली तरी उरलेल्या केंद्रांमधील संपर्क टिकावा, हा त्यांच्या संशोधनाचा हेतू होता. मध्यवर्ती केंद्रावर अवलंबून न राहता प्रत्येक केंद्र शेजारच्या काही केंद्रांना जोडल्यास मोठी हानी सोसूनही जाळे टिकते आणि त्यासाठी फार जादा दुवे लागत नाहीत, असे त्यांनी दाखवले. १९६९ मध्ये सुरू झालेल्या आर्पानेट या जाळ्यात मार्ग आपोआप बदलण्याची व्यवस्था होती.

१९८० च्या दशकात फायबरचा प्रसार झाल्यावर एका केबलीत हजारो संभाषणे सामावू लागली. खर्च कमी झाला, पण पूर्वी अनेक तारांत विभागलेला धोका एका केबलीत एकवटला. हाताने मार्ग बदलणे आता पुरेसे नव्हते. त्यामुळे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वयंचलित संरक्षणाची कडी आणि संगणकनियंत्रित जोडकेंद्रे यांचा अवलंब वाढला. २००० नंतर एमपीएलएस आणि प्रकाशीय स्तरावरील स्वयंचलित नियंत्रण यांची मानके विकसित झाली.

## उल्लेखनीय घटना

न्यू इंग्लंड, १९८६ – अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेश सात वाहिन्यांनी आर्पानेटशी जोडलेला होता. १२ डिसेंबर १९८६ रोजी न्यूयॉर्क राज्यात एक फायबर केबल तुटली आणि सातही वाहिन्या एकदम बंद पडल्या, कारण त्या सर्व त्याच केबलीतून नेलेल्या होत्या. हा प्रदेश सुमारे ११ तास उर्वरित जाळ्यापासून तुटला.

हिन्सडेल, १९८८ – ८ मे १९८८ रोजी शिकागोजवळील हिन्सडेल येथील दूरध्वनी केंद्राला आग लागली. स्थानिक सुमारे ३५,००० ग्राहकांचे दूरध्वनी बंद पडलेच. शिवाय आसपासच्या उपनगरांची दूर अंतरावरील वाहतूकही याच केंद्रातून जात असल्याने तीही विस्कळीत झाली. सेवा पूर्ववत होण्यास काही आठवडे लागले. दुव्यांना पर्याय असूनही केंद्र एकच असेल, तर संरक्षण अपुरे ठरते, ही बाब या घटनेने अधोरेखित केली.

एटी अँड टी, १९९० – १५ जानेवारी १९९० रोजी या कंपनीच्या अमेरिकेतील दूर अंतरावरील दूरध्वनी जाळ्यात सुमारे ९ तास मोठा व्यत्यय आला. न्यूयॉर्कमधील एक स्विच किरकोळ बिघाडानंतर स्वतःला काही सेकंदांत पूर्ववत करून पुन्हा कामास लागला आणि तसे संदेश त्याने शेजारच्या स्विचांना पाठवले. नव्या आज्ञावलीतील एका चुकीमुळे ते संदेश हाताळताना शेजारचे स्विच बंद पडले. तेही पूर्ववत झाल्यावर त्यांच्या संदेशांनी पुढचे स्विच बंद पडले. जाळ्यातील सर्व ११४ स्विचांमध्ये एकच आज्ञावली असल्याने हा दोष सर्वत्र पसरला. येथे पूर्वस्थितीत येण्याची प्रक्रियाच बिघाडाची वाहक ठरली.

बाल्टिमोर, २००१ – १८ जुलै २००१ रोजी बाल्टिमोर शहराखालील हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली. बोगद्यातून अनेक कंपन्यांच्या फायबर केबली गेलेल्या होत्या. त्या जळाल्याने अमेरिकेच्या काही भागांत इंटरनेट मंदावले.

तैवान, २००६ – २६ डिसेंबर २००६ रोजी तैवानच्या दक्षिण टोकाजवळ झालेल्या भूकंपानंतर समुद्रतळावरील भूस्खलनाने ९ सागरी केबली तुटल्या. त्यांच्या दुरुस्तीसाठी ११ जहाजे आणि ४९ दिवस लागले. भौगोलिकदृष्ट्या सोयीच्या एकाच सामुद्रधुनीतून अनेक केबली नेण्यातील धोका त्यामुळे स्पष्ट झाला.

टोंगा, २०२२ – १५ जानेवारी २०२२ रोजीच्या ज्वालामुखी उद्रेकात टोंगा या द्वीपराष्ट्राला फिजीशी जोडणारी एकमेव आंतरराष्ट्रीय केबल तुटली. दुसरी केबलच नसल्याने मार्गबदल शक्य नव्हता. केबल जोडली जाईपर्यंत, म्हणजे सुमारे ५ आठवडे, देशाला उपग्रहाच्या मर्यादित क्षमतेवर अवलंबून राहावे लागले.

रॉजर्स, २०२२ – ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स कंपनीच्या जाळ्यात देखभालीच्या वेळी केलेल्या एका बदलामुळे मुख्य राउटरांवर मार्गांच्या माहितीचा अतिरिक्त भार आला आणि ते बंद पडले. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा थांबली. आपत्कालीन क्रमांक आणि बँकांची देयकव्यवस्था यांनाही झळ पोहोचली. राउटरांपर्यंत पोहोचण्याचा कर्मचाऱ्यांचा मार्गही त्याच जाळ्यातून जात असल्याने आरंभीचे काही तास बिघाडाचा नेमका शोध घेणे कठीण झाले. जाळ्याचे नियंत्रण करणारी व्यवस्था त्या जाळ्यापासून स्वतंत्र असावी, हा धडा या घटनेतून पुढे आला.

## भारतातील स्थिती

भारताची आंतरराष्ट्रीय इंटरनेट वाहतूक मुख्यतः सागरी केबलींवर अवलंबून आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२३ मधील शिफारशींनुसार २०२२ च्या अखेरीस देशात १७ आंतरराष्ट्रीय केबली १४ किनारी केंद्रांवर येत होत्या. ही केंद्रे मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम या पाच शहरांत आहेत. युरोपकडे जाणाऱ्या केबलींसाठी मुंबई हे प्रमुख ठिकाण असून त्यांपैकी अनेक केबली लाल समुद्र आणि इजिप्त या चिंचोळ्या वाटेने जातात.

या वाटेवरील धोका ३० जानेवारी २००८ रोजी प्रत्ययास आला. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग युरोप-आशिया या दोन केबली तुटल्या. दोन्ही केबली मुंबईला येत असल्याने भारताच्या पश्चिमेकडील वाहतुकीस मोठा फटका बसला. त्यानंतर १ फेब्रुवारीला दुबईजवळ फाल्कन ही केबल एका जहाजाच्या सुटलेल्या नांगरामुळे तुटली. अनेक सेवा पुरवठादारांनी वाहतूक पूर्वेकडील केबलींवरून पॅसिफिक महासागरमार्गे वळवली. सेवा चालू राहिली, परंतु मार्ग लांबल्याने विलंब वाढला आणि उपलब्ध क्षमतेवर ताण आला. २०२४ आणि २०२५ मध्येही लाल समुद्रातील केबली तुटल्याच्या घटना घडल्या.

देशांतर्गत केबलींच्या बाबतीत खोदकाम ही मोठी समस्या आहे. केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार देशात दरवर्षी सुमारे १० लाख वेळा फायबर तुटते आणि त्यामुळे सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते. खोदणारी यंत्रणा आणि भूमिगत मालमत्तेचे धारक यांच्यात पूर्वसूचना व्हावी, या हेतूने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू करण्यात आले.

ग्रामपंचायतींना फायबरने जोडणाऱ्या भारतनेट प्रकल्पात सुरुवातीला अनेक ठिकाणी रेषीय रचना होती. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणापासून निघालेली केबल एका जागी तुटली, की त्या पुढील ग्रामपंचायतींचा संपर्क तुटत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात कड्याच्या रचनेचा स्वीकार करण्यात आला. ग्रामपंचायतीला दोन दिशांनी जोडणी मिळाल्यास एक केबल तुटली तरी तेथील सेवा चालू राहू शकते.

चक्रीवादळात केबलींइतकाच विजेचा प्रश्न गंभीर होतो. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले. मनोऱ्यांचा वीजपुरवठा थांबल्याने आणि केबली तुटल्याने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या काही भागांत दूरसंचार सेवा विस्कळीत झाली. अशा वेळी डिझेल जनित्रे, वाहनावरील फिरते मनोरे, उपग्रह दूरध्वनी, तसेच एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचे जाळे तात्पुरते वापरू देणे, हे उपाय योजले जातात. मे २०१९ मधील फनी चक्रीवादळाच्या वेळी ओडिशात यांपैकी शेवटच्या उपायाचा अवलंब करण्यात आला होता.

## मर्यादा

पुनर्स्थापनेची आखणी बहुधा एका वेळी एकच बिघाड होईल, असे धरून केली जाते. नैसर्गिक आपत्तीत किंवा दुरुस्तीस विलंब झाल्यास हे गृहीतक टिकत नाही. पहिल्या बिघाडानंतर सेवा सुरळीत चालू असल्याने ग्राहकांना काहीच जाणवत नाही. परंतु दुरुस्ती होईपर्यंत जाळे संरक्षणाविना असते आणि दुसरा किरकोळ बिघाडही त्या काळात सेवा बंद पाडू शकतो. म्हणून सेवा पुन्हा सुरू झाली तरी दुरुस्तीची निकड कमी होत नाही.

मोकळी क्षमता हा दुसरा प्रश्न आहे. वाहतूक वाढत गेली, की राखून ठेवलेली क्षमता हळूहळू दैनंदिन वापरात येते आणि प्रत्यक्ष बिघाडाच्या वेळी राखीव मार्ग अपुरा पडतो. अशा वेळी आपत्कालीन संपर्क आणि संभाषण यांना प्राधान्य देऊन इतर वाहतूक रोखावी लागते. राखीव मार्ग वर्षानुवर्षे वापरलाच गेला नाही, तर त्यातील दोषही लक्षात येत नाहीत. त्यामुळे ठरावीक काळाने वाहतूक मुद्दाम राखीव मार्गावर नेऊन त्याची चाचणी घेणे, हा जाळ्याच्या देखभालीचा आवश्यक भाग मानला जातो.